व्होल्टेज आणि करंटवरून रेझिस्टन्स आणि पॉवर कशी काढायची? मोबाईलच्या चार्जरपासून विहिरीवरच्या मोटरीपर्यंत



तुमच्या मोबाईलचा चार्जर उलटा करून बघा. बारीक अक्षरात लिहिलेलं दिसेल: आउटपुट ५ व्होल्ट, २ अँपिअर. विहिरीवरच्या मोटरीला जो छोटा पत्रा ठोकलेला असतो, त्यावरही असेच आकडे असतात. आपण दोन्ही कधी वाचत नाही. मीही वाचत नव्हतो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो तेव्हा आमच्या घरची मोटर एकाच हिवाळ्यात दोनदा जळली आणि गव्हाचं एक पाणी चुकलं. त्यानंतर मी तो पत्रा पहिल्यांदा नीट वाचला.

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यात आमचं वावर आहे. मोटर जळली की गावात सगळ्यांचं एकच उत्तर असतं, "लाईनच कमी येऊन राह्यली बाप्पा." आम्हीही तेच धरून चाललो होतो. पण दोन ठिकाणी व्होल्टेज आणि एकदा करंट मोजला, मोबाईलवर एक वजाबाकी आणि एक भागाकार केला, तेव्हा खरं कारण वेगळंच निघालं. ते काय होतं, हे या लेखात पुढे येईलच. आधी त्यासाठी लागणारं गणित बघू. आठवी-नववीचा गुणाकार-भागाकार येत असेल तर पुरे.

आधी हे चार शब्द समजून घ्या

ठिबक सिंचन तुम्ही पाहिलंच असेल. टाकी जितकी उंच, तितका पाण्याला दाब जास्त. नळीतून दर सेकंदाला किती पाणी जातं तो झाला प्रवाह. नळी बारीक आणि लांब असेल तर पाण्याला अडथळा जास्त, म्हणून शेवटच्या झाडापाशी पाणी हळू पडतं. विजेचंही बरंचसं असंच आहे.

- व्होल्टेज: विजेचा दाब. पाठ्यपुस्तकात याला विभवांतर म्हणतात. मोजायचं एकक व्होल्ट.
- करंट: वायरीतून वाहणारी वीज. पुस्तकातला शब्द विद्युतधारा. एकक अँपिअर. त्याचा हजारावा भाग म्हणजे मिलिअँपिअर.
- रेझिस्टन्स: करंटला होणारा अडथळा. पुस्तकात रोध. एकक ओहम.
- पॉवर: दर सेकंदाला किती ऊर्जा खर्च होते ते. पुस्तकात विद्युत शक्ती. एकक वॅट. १००० वॅट म्हणजे १ किलोवॅट.

आपल्या घरातल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असायला हवेत. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत घरगुती दाबाला ६ टक्के कमी-जास्त चालेल असं म्हटलं होतं. म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

सूत्रं फक्त दोन, बाकी त्यांचीच पिल्लं

जर्मनीतले शिक्षक गेऑर्ग ओहम यांनी १८२७ साली आपल्या पुस्तकात मांडलं की तापमान आणि बाकी परिस्थिती तीच असेल, तर तारेतला करंट व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो. व्होल्टेज दुप्पट केलं की करंट दुप्पट. हाच ओहमचा नियम. त्यातून पहिलं सूत्र मिळतं:

रेझिस्टन्स = व्होल्टेज ÷ करंट

दुसरं सूत्र पॉवरचं:

पॉवर = व्होल्टेज × करंट

म्हणजे व्होल्टेज आणि करंट हे दोन आकडे हातात आले की बाकीचे दोन कॅल्क्युलेटरवर निघतात. सूत्रं उलटसुलट केली की आणखी चार मिळतात:

- व्होल्टेज = करंट × रेझिस्टन्स
- करंट = पॉवर ÷ व्होल्टेज
- पॉवर = करंट × करंट × रेझिस्टन्स
- पॉवर = व्होल्टेज × व्होल्टेज ÷ रेझिस्टन्स

शेवटच्या दोन ओळी पुन्हा एकदा वाचा. करंट दोनदा गुणला आहे, व्होल्टेजही दोनदा गुणलं आहे. मोटर जळण्याचं मूळ या दोन ओळींत आहे.

उदाहरण १: मोबाईलचा चार्जर आणि लांब केबल

चार्जर ५ व्होल्ट, २ अँपिअरचा आहे. पॉवर = ५ × २ = १० वॅट.

आता केबल बघू. केबलमध्ये विजेची दोन तारा असतात, एक जायची आणि एक परत यायची. समजा स्वस्तातली लांब केबल घेतली आणि दोन्ही तारांचा मिळून रेझिस्टन्स ०.२५ ओहम आहे. २ अँपिअर वाहताना केबलमध्येच किती व्होल्ट खर्च होतील?

२ × ०.२५ = ०.५ व्होल्ट

म्हणजे चार्जरने ५ व्होल्ट दिले, पण मोबाईलला मिळाले ४.५. मोबाईलपर्यंत पोचलेली पॉवर ४.५ × २ = ९ वॅट. उरलेला १ वॅट केबल गरम करण्यात गेला. चार्जर चांगला, मोबाईल चांगला, तरी "चार्जिंग स्लो होतंय" ही तक्रार येते. दोष मधल्या तारेचा असतो, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही.

ही गोष्ट डोक्यात ठेवा. आमच्या विहिरीवर नेमकं हेच झालं होतं, फक्त आकडे मोठे होते.

जाता जाता: ५००० मिलिअँपिअर-अवरच्या बॅटरीत किती ऊर्जा मावते? बॅटरीचं सरासरी व्होल्टेज ३.८५ धरलं तर ५ × ३.८५ = सुमारे १९ वॅट-अवर. एक युनिट म्हणजे १००० वॅट-अवर. चार्जरमध्ये वाया जाणारी ऊर्जा धरूनही एका युनिटमध्ये असा मोबाईल चाळीसेक वेळा चार्ज होतो. तेव्हा "मोबाईलमुळे बिल वाढलं" असं घरी कोणी म्हणालं तर हे गणित दाखवा.

उदाहरण २: पाणी तापवायचा रॉड

रॉडवर लिहिलंय १५०० वॅट, २३० व्होल्ट.

करंट = १५०० ÷ २३० = ६.५२ अँपिअर
रेझिस्टन्स = २३० ÷ ६.५२ = ३५.३ ओहम

आता संध्याकाळी व्होल्टेज १८० वर आलं. रॉड तोच, म्हणून रेझिस्टन्स जवळपास तोच.

करंट = १८० ÷ ३५.३ = ५.१ अँपिअर
पॉवर = १८० × ५.१ = ९१८ वॅट

व्होल्टेज २२ टक्के कमी झालं, पण पॉवर ३९ टक्के घसरली, कारण पॉवरमध्ये व्होल्टेज दोनदा गुणलं जातं. १० लिटरची बादली २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला २३० व्होल्टला पावणेबारा मिनिटं लागत असतील, तर १८० व्होल्टला १९ मिनिटं लागतात. रॉडचं मात्र काही बिघडत नाही. पाणी उशिरा तापतं, एवढंच.

मग कमी व्होल्टेजला मोटर का जळते?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. "व्होल्टेज कमी, तर करंटही कमी, मग मोटर गार राहायला पाहिजे ना?" रॉडच्या बाबतीत हे बरोबर आहे. मोटरीच्या बाबतीत नाही.

मोटर म्हणजे नुसती तार नाही. तिला खालून पाणी वर ढकलायचं असतं, आणि व्होल्टेज कमी झालं म्हणून विहीर उथळ होत नाही. व्होल्टेज पडलं की मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो, ती थोडी हळू होते आणि तेवढंच काम रेटायला जास्त करंट ओढते. तो जास्तीचा करंट वाइंडिंगमधून जातो. वाइंडिंगमध्ये होणारी उष्णता म्हणजे करंट × करंट × रेझिस्टन्स. करंट १२ टक्के वाढला तर उष्णता सुमारे २५ टक्के वाढते. तारेवरचा इनॅमलचा थर रोज थोडा थोडा भाजत जातो आणि एक दिवस मोटर रिवाइंडिंगला जाते.

म्हणून साधा ओहमचा नियम रॉड, इस्त्री, वायर यांना सरळ लावा. मोटर, एलईडी बल्ब, मोबाईल यांना तसा लावू नका. त्यांच्यात करंट किती वाहतो ते मोजावंच लागतं.

आमच्या मोटरीचा गुन्हेगार कसा सापडला

आमची मोटर सिंगल फेज, दीड एचपीची सबमर्सिबल. पत्र्यावर करंट लिहिला होता ९.५ अँपिअर. मीटरची पेटी रस्त्याच्या कडेला, विहीर तिथून २५० मीटर आत. मधे ॲल्युमिनियमची ४ स्क्वेअर एमएमची वायर टाकलेली. ती आम्हीच आणली होती. स्वस्त मिळाली म्हणून बाबा खूश होते.

दुसऱ्यांदा मोटर जळून, भरून परत आली, तेव्हा गावातल्या वायरमन काकांकडे क्लॅम्प मीटर होता. मी म्हटलं, "काका, पेटीपाशी आणि विहिरीपाशी, दोन्हीकडे मोजून द्या ना. मोटर चालू असताना." काका म्हणाले, "पेटीपाशी मोजून काय करशील? मोटर तर विहिरीत हाय." तरी त्यांनी मोजलं. आकडे असे आले:

- पेटीपाशी: २१८ व्होल्ट
- विहिरीपाशी: १८२ व्होल्ट
- करंट: १०.६ अँपिअर

मी मोबाईल काढला.

मधे हरवलेलं व्होल्टेज = २१८ − १८२ = ३६ व्होल्ट
वायरीचा रेझिस्टन्स = ३६ ÷ १०.६ = ३.४ ओहम
वायरीत वाया जाणारी पॉवर = ३६ × १०.६ = ३८२ वॅट

लाईन २१८ व्होल्ट देत होती. वर सांगितलेल्या २१६ ते २४४ च्या आतच. कमी होती ती आमची वायर. मोटर चालू असेपर्यंत ३८२ वॅट, म्हणजे चाळीसेक एलईडी बल्बांइतकी वीज, २५० मीटर वावरात नुसती उष्णता होऊन उडत होती. आणि मोटर १८२ व्होल्टवर, ९.५ ऐवजी १०.६ अँपिअर ओढत, रोज थोडी भाजत होती.

आणखी एक कोडं सुटलं. कधी कधी मोटर सुरूच व्हायची नाही, नुसती हुं-हुं करायची. सुरू होताना मोटर काही क्षण नेहमीच्या पाच-सहा पट करंट मागते. ५० अँपिअर धरला तर ५० × ३.४ = १७० व्होल्ट एकट्या वायरीतच जातील! इतका करंट मग पोचतच नाही, मोटरीपाशी व्होल्टेज पार झोपतं आणि तिला उठायला जोर राहत नाही. आम्ही त्यासाठी दोन कॅपॅसिटर बदलले होते. बिचाऱ्या कॅपॅसिटरचा काहीच दोष नव्हता.

बाबांना वायर बदलायला तयार करणं हे गणितापेक्षा अवघड गेलं. मोटर भरण्यापेक्षा नवी वायर महाग होती. शेवटी मी कागदावर दोनच आकडे लिहिले, २१८ आणि १८२, आणि विचारलं, "बाबा, हे ३६ कुठे गेले?" ते बराच वेळ कागदाकडे बघत बसले. मग म्हणाले, "आपल्याच वावरात."

आम्ही ॲल्युमिनियमचीच, पण १० स्क्वेअर एमएमची वायर टाकली. परत मोजलं: पेटीपाशी २१८, विहिरीपाशी २०५, करंट ९.६. आता फक्त १३ व्होल्ट हरवत होते. १३ × ९.६ = १२५ वॅट. मोटर पहिल्या झटक्यात उठायला लागली आणि त्यानंतरचे हिवाळे न जळता गेले.

तुमच्या वायरीचा रेझिस्टन्स आधीच कसा काढायचा?

वायर विकत घ्यायच्या आधीच हे कळू शकतं. वायर जितकी लांब तितका रेझिस्टन्स जास्त, जितकी जाड तितका कमी. दोन आकडे पाठ करा. १ स्क्वेअर एमएम जाडीच्या १०० मीटर तारेचा २० अंश तापमानाला रेझिस्टन्स:

- तांबं: १.७२ ओहम
- ॲल्युमिनियम: २.८२ ओहम

पायऱ्या अशा:

१. अंतर मोजा आणि दुप्पट करा, कारण वीज जाते तशी परतही येते. २५० मीटर अंतर म्हणजे ५०० मीटर तार. बहुतेक जण इथेच चुकतात.
२. ५०० मीटर म्हणजे ५ वेळा १०० मीटर. ॲल्युमिनियमसाठी २.८२ × ५ = १४.१.
३. याला वायरीच्या स्क्वेअर एमएमने भागा. ४ ची वायर: १४.१ ÷ ४ = ३.५ ओहम. १० ची वायर: १४.१ ÷ १० = १.४ ओहम.
४. मोटरीच्या करंटने गुणा. आलेला आकडा म्हणजे वाटेत हरवणारे व्होल्ट.

आम्ही मोजलेला ३.४ आणि हिशोबाचा ३.५ किती जवळ आहेत बघा. वायरीचे जोड आणि मोटरीचा पॉवर फॅक्टर यांमुळे थोडा फरक पडतो, पण निर्णय घ्यायला हे गणित पुरेसं आहे.

आपल्या भागासाठी एक जादा सूचना. तांबं असो की ॲल्युमिनियम, तापमान १ अंशाने वाढलं की रेझिस्टन्स साधारण ०.४ टक्के वाढतो. यवतमाळात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, म्हणजे २० अंशांच्या हिशोबापेक्षा १० टक्के जास्तच धरा. उन्हात पडलेली काळी वायर याहूनही तापते.

सध्या ७.५ एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत एप्रिल २०२४ पासून बिल भरावं लागत नाही. त्यामुळे वायरीत वाया गेलेली वीज कास्तकाराला बिलात दिसत नाही. ती दिसते मोटर जळाल्यावर, ऐन पाण्याच्या आठवड्यात.

फास्ट चार्जिंग आणि डीपी: एकच युक्ती

वायर जाड करणं हा एक उपाय झाला. दुसरा उपाय म्हणजे व्होल्टेज वाढवून करंट कमी ठेवणं. तुमचा फास्ट चार्जर हेच करतो.

१८ वॅट पाहिजेत. ५ व्होल्टने पाठवले तर १८ ÷ ५ = ३.६ अँपिअर लागतील. ०.२५ ओहमच्या त्याच केबलमध्ये ३.६ × ३.६ × ०.२५ = ३.२ वॅट वाया. ९ व्होल्टने पाठवले तर २ अँपिअर पुरतात, आणि वाया जातो फक्त १ वॅट. केबल तीच, पॉवर तीच, नुकसान एक तृतीयांशाहूनही कमी.

हेच आपल्या शेजारच्या जिल्ह्यात अवाढव्य प्रमाणात होतं. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची डीसी लाईन आहे. क्षमता १५०० मेगावॅट. दोन तारा, एकीवर अधिक ५०० किलोव्होल्ट आणि दुसरीवर उणे ५००, म्हणजे दोघींमध्ये १० लाख व्होल्ट. करंट = १५० कोटी वॅट ÷ १० लाख व्होल्ट = १५०० अँपिअर. तीच पॉवर २३० व्होल्टने पाठवायची म्हटली तर ६५ लाख अँपिअर लागले असते. तेवढा करंट पेलणारी तार कुणी ओढूच शकणार नाही.

गावाच्या वेशीवरची डीपी ११ हजार व्होल्ट उतरवून थ्री फेजचे ४३३ व्होल्ट करते. तिथून पुढे कमी दाबाची लाईन जितकी लांब, तितकं व्होल्टेज वाटेत हरवतं. महाराष्ट्रात २०१८ साली कृषिपंपांसाठी उच्चदाब वितरण प्रणाली, म्हणजे एचव्हीडीएस, आणली गेली. त्यात ११ हजार व्होल्टची लाईन वावराजवळ नेऊन एक-दोन शेतकऱ्यांमागे एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवतात. उद्देश हाच, की कमी दाबाची लांब लाईनच नको.

हेच सूत्र जीवही वाचवतं: ओला कूलर

विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या येतात. त्यामागचं गणितही एका भागाकाराचं आहे.

कोरड्या त्वचेचा रेझिस्टन्स दहा हजार ओहम किंवा त्याहून बराच जास्त असू शकतो. पण ओले हात, ओली फरशी, अनवाणी पाय असतील तर तो हजार ओहमच्या आसपास येतो.

२३० ÷ १००० = ०.२३ अँपिअर = २३० मिलिअँपिअर

१०० मिलिअँपिअरच्या आसपासचा करंट छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो. म्हणून घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवतात. गळतीचा करंट तेवढा झाला की तो क्षणात लाईन तोडतो. कूलरमध्ये पाणी टाकताना नुसतं बटण बंद करून थांबू नका, पिन काढा. अर्थिंग तपासून घ्या. "माझे हात कोरडे आहेत" या भरवशावर तर कधीच राहू नका, कारण त्वचेचा रेझिस्टन्स घामानेही झपाट्याने पडतो.

मोजताना ही काळजी घ्या

- करंट मोजायला क्लॅम्प मीटरच वापरा. त्याचा जबडा एकाच तारेभोवती घाला. दोन्ही तारा एकत्र घेतल्या तर शून्य दिसेल.
- साधं मल्टिमीटर करंटवर लावून त्याच्या पिना सॉकेटमध्ये कधीही घालू नका. करंट मोजताना मल्टिमीटरचा रेझिस्टन्स जवळजवळ शून्य असतो. २३० भागिले जवळजवळ शून्य म्हणजे काय, ते तुम्हीच बघा. मीटर हातात फुटू शकतं.
- रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजायचा असेल तर आधी लाईन पूर्ण बंद करा.
- पेटी, स्टार्टर, डीपी उघडायचं काम वायरमनचं. डीपीला तर हातच लावायचा नाही. तुम्ही आकडे मागा आणि हिशोब करा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मोटरीची पॉवर नुसतं व्होल्टेज × करंट करून का येत नाही?
एसी मोटरीत करंट व्होल्टेजच्या थोडा मागे राहतो, म्हणून पॉवर फॅक्टरने गुणावं लागतं. १८२ × १०.६ = १९२९. पॉवर फॅक्टर ०.९ धरला तर १७३६ वॅट. रॉड किंवा इस्त्रीला पॉवर फॅक्टर १ असतो, म्हणून तिथे साधा गुणाकार चालतो.

थ्री फेजची मोटर असेल तर?
पॉवर = १.७३२ × दोन फेजमधलं व्होल्टेज × करंट × पॉवर फॅक्टर. ४०० व्होल्ट, ८ अँपिअर, ०.८५ धरलं तर सुमारे ४७०० वॅट. ५ एचपी म्हणजे ५ × ७४६ = ३७३० वॅट. फरकाची वीज मोटरीतच उष्णता होऊन जाते. थ्री फेजला वायरीतले हरवलेले व्होल्ट काढताना अंतर दुप्पट करू नका. एका तारेचा रेझिस्टन्स × करंट × १.७३२ करा.

सोलर पंपाला हेच गणित चालतं का?
पॅनलकडून येणारी वीज डीसी असते, म्हणून तिथे सरळ गुणाकार. कंट्रोलरच्या डिस्प्लेवर ३०० व्होल्ट आणि ८ अँपिअर दिसले तर २४०० वॅट. ढग आले की करंट आधी पडतो, तोही तुम्हाला तिथेच दिसेल.

स्टॅबिलायझर लावला तर मोटर वाचेल का?
व्होल्टेज डीपीकडूनच कमी येत असेल तर थोडी मदत होते. पण व्होल्टेज तुमच्याच बारीक वायरीत हरवत असेल, तर विहिरीपाशी बसवलेला स्टॅबिलायझर त्या वायरीतून आणखी जास्त करंट ओढेल. आधी दोन्ही टोकांना मोजा.

थोडक्यात

व्होल्टेजला करंटने भागलं की रेझिस्टन्स, गुणलं की पॉवर. आणि व्होल्टेज नेहमी दोन ठिकाणी मोजायचं, जिथून वीज येते तिथे आणि जिथे वापरली जाते तिथे. पेटीपाशीच कमी असेल तर तो आकडा लिहून, तारीख-वेळ टाकून, फोटोसह वीज कंपनीकडे तक्रार करा. नुसत्या "लाईन कमी आहे" या वाक्यापेक्षा आकड्याला वजन असतं. पेटीपाशी ठीक आणि मोटरीपाशी कमी असेल, तर वायर बदलायची वेळ झाली आहे.

आज घरी गेलात की चार्जरचा आणि मोटरीचा पत्रा, दोन्ही वाचा. पेटीपासून विहिरीपर्यंतचं अंतर पावलांनी मोजा आणि वरच्या चार पायऱ्या करून बघा. तुमच्या वावरात किती व्होल्ट हरवतात, ते कमेंटमध्ये नक्की सांगा. आणि यंदा ज्यांची मोटर जळली आहे, त्यांना हा लेख पाठवा.